डायलॉगला कूलर बंद

होळी झाली की नागपुरात घरोघरी कूलर निघतो. वर्षभर तो बाल्कनीत जुन्या चादरीखाली न बोलावलेल्या पाहुण्यासारखा बसलेला असतो, त्याची चादर काढायची एवढंच. मग टाकीतला गेल्या वर्षीचा गाळ खरवडा, वाळून काटक्या झालेल्या खसच्या ताट्या फेका, नव्या आणा, पंप चालतो का ते बघा. पंप कधीच चालत नाही. मेकॅनिकला फोन केला की तो म्हणतो, "येऊनच राहिलो ताई, रस्त्यात आहो," आणि तिसऱ्या दिवशी उगवतो. यंदाही तसंच झालं. शेवटी परवा सकाळी पाणी पडलं, खस भिजली, तो ओला वास खोलीभर झाला आणि पलंगावरून आई म्हणाली, "लागला वाटते."

आईला दिसत नाही असं म्हटलेलं तिला खपत नाही. "मले दिसते," ती म्हणते, "काय हाय ते फक्त समजत नाही." म्हणून टीव्हीवर जे काही चालतं ते मी तिला सांगते. सध्या माझ्या लेकीनं लावून दिलेली एक मालिका चालू आहे, आठ भागांची. माझं मत विचाराल तर बरी आहे, पण पहिले चार भाग त्या घरात कुणी दिवाच लावत नाही. एवढा खर्च केला, एवढी मोठी माणसं घेतली, मग एक ट्यूबलाइट लावायला काय झालं होतं? बाबा असते तर म्हणाले असते, "आम्ही रात्रंदिवस वीज बनवून राहिलो, लावा ना गा लाइट." आईलाही मालिका आवडली आहे. त्यातली मोठी बहीण परदेशात असते आणि धाकटी इकडे आजारी पडते. काल दुपारी शेवटचा भाग झाला. मोठी विमान पकडून येते, गाडी करून धावत येते, आणि ती पोचते तेव्हा सगळं आटोपलेलं असतं.

"पोचली का मोठी?" आईनं विचारलं. मी म्हटलं, पोळ्या टाकायच्या आहेत, उद्या सांगते.

पोळ्यांचं खोटं होतं. या थंडीत माझी मावशी, आईची धाकटी बहीण, वर्धेला आजारपणात वारली. आई मला आधी चार दिवसांपासून म्हणत होती, भेटवून आण, आणि मी म्हणत होते, रविवारी जाऊ, रविवारी सुटी आहे. शनिवारी फोन आला. आम्ही पोचलो तेव्हा तिला नेऊन झालं होतं. आई मला एक शब्द बोलली नाही. आता या मालिकेतली मोठी पोचली की नाही, ते मी तिला सांगायचं आहे.

कालपासून मला कोराडीचा तो उन्हाळा आठवतोय. ऐंशीचं दशक नुकतंच सुरू झालं होतं आणि मी बारा-तेरा वर्षांची होते. बाबा वीज केंद्रात ऑपरेटर होते आणि आम्ही तिथल्या कॉलनीत राहायचो. दोन खोल्या, पुढे एवढंसं अंगण, अंगणात बाज. वाळत घातलेल्या कुरडयांवर जुनं पातळ टाकावं लागे, कारण वारा फिरला की चिमणीची राख येई. आई म्हणायची, आपल्या कुरडयांना मीठ कमी लागते, राखच पुरते. रस्त्यानं कोळशाचे ट्रक जायचे आणि दर तासाला शहराची बस यायची. आमच्याकडे काळा-पांढरा टीव्ही होता आणि आमच्याकडे सुधाकरकाका होता.

काका म्हणजे बाबांचा धाकटा भाऊ. लकडगंजात आरा मशीनवर कामाला होता, तिथंच खोली घेऊन एकटा राहायचा. टीव्ही घेतला तेव्हा ॲन्टेना त्यानंच गच्चीवर बसवला. बाबा खालून ओरडायचे, "डावीकडे गा सुधाकर, अजून डावीकडे," आणि मी खिडकीतून सांगायची, आलं, गेलं, आलं. दर रविवारी संध्याकाळी हिंदी सिनेमा असायचा. काका दुपारच्या बसनं यायचा, येताना गांधीबागेतून फुटाण्याची पुडी आणायचा आणि बाबांच्या शेजारी सतरंजीवर बसायचा. त्याच्या केसांत लाकडाचा भुसा असायचा आणि आई त्याला दारातच डोकं झटकायला लावायची.

सिनेमा पाहताना आमच्या घरात तीन टीकाकार बसत, आणि मी अजून त्यांच्यापेक्षा चोख परीक्षण कुठं वाचलेलं नाही. बाबा खलनायकाचा अड्डा बघत. त्या काळी प्रत्येक खलनायकाकडे लुकलुकत्या दिव्यांची एक भिंत असायचीच. बाबा नुसते मान हलवत. "एकबी मीटर कामाचा नाही. असं पॅनल राह्यलं तर दुसऱ्या मिनटाले युनिट ट्रिप होते." आईचं लक्ष नायिकेच्या पोळपाटाकडे. "पीठ न लावताच लाटून राहिली. अन् पोळी पाहा, बाहेरून आणलेली हाय." काका फर्निचरवाला. नायकानं खांद्यानं दार तोडलं की तो फुटाणे चघळत म्हणायचा, "प्लायवूड. सागवान असतं तर खांदा गेला असता." मग तिघंही हसत आणि पुढचे दोन संवाद कुणालाच ऐकू येत नसत. मला तेव्हा याचा राग यायचा. आता वाटतं, प्रत्येक जण पडद्यावर आपलंच काम शोधतो, आणि ते तिथं चुकीचं झालेलं दिसलं की त्याला बरं वाटतं.

त्या वर्षी माघात काकाला कावीळ झाली. आधी त्यानं कुणाला सांगितलंच नाही. मग निरोप आला की दादाला बोलवा. बाबांची सुटी गुरुवारी असायची. त्यांनी निरोप पाठवला, गुरुवारी येतो. काका बुधवारी गेला.

बाबा रडले की नाही मला माहीत नाही, मी पाहिलं नाही. पण तेराव्यानंतर त्यांनी कुणाकुणाशी अदलाबदल करून सेकंड शिफ्ट कायमची मागून घेतली. दुपारी दोनला जायचं आणि रात्री उशिरा परतायचं. लोकांना नवल वाटलं, कारण ती शिफ्ट कुणालाच नको असते. आईनं कुणाला काही सांगितलं नाही, पण आम्हा दोघींना कळत होतं. रविवारी संध्याकाळी त्यांना त्या सतरंजीवर बसायचं नव्हतं.

तरी सिनेमाची सवय काही जाईना. होळीनंतरच्या पहिल्या सोमवारी सकाळी बाबा अंगणात कूलर उघडून बसले होते आणि आई सुपात तांदूळ निवडत होती. बाबांनी मान वर न करता विचारलं, "काल कोणता होता?"

आईनं नाव सांगितलं.

"मंग द्या ना चार्ज."

चार्ज म्हणजे काय, ते कॉलनीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. शिफ्ट संपली की जाणारा माणूस येणाऱ्याला सगळं सांगून जातो: कुठला पंप चालू, कुठला बंद, कुठे काय गळतं आहे. त्याला चार्ज देणं म्हणतात. बाबा या बाबतीत फार कडक. मी गणिताचे मार्क लपवले तेव्हा त्यांनी मला मारलं नाही, एवढंच म्हणाले, "चार्ज खरा द्यावं, बाई. पंप बिघडला असन अन् तू सगळं ठीक हाय म्हणून घरी गेली, तर मागून येणाऱ्याचा जीव जाते." मारलं असतं तर बरं झालं असतं, असं मला वाटलं होतं.

तर आईनं चार्ज द्यायला सुरुवात केली. ती छान सांगायची. नायिकेच्या साडीचा काठ, सासूचं नाक मुरडणं, कुणाच्या घरात किती भांडी, सगळं. मधे मधे स्वतःची मतं. "नायक दिसाले चांगला हाय, पण इतका पळते, घरी काही काम नसन त्याले." बाबा हसले. काका गेल्यावर ते पहिल्यांदा हसले. मग शेवट आला. त्या सिनेमात शेवटी नायिकेचे वडील मरतात. मी आदल्या दिवशी तिच्या शेजारीच बसून पाहिलं होतं. आई म्हणाली, "अन् मंग बाप बरा झाला, सगळे घरी गेले."

"आई, ते तर..." मी म्हटलं.

"बादली आण वं, टाकीत पाणी टाकाचं हाय," आई म्हणाली. टाकी अजून बसवलेलीसुद्धा नव्हती.

मागच्या मोरीत तिनं मला गाठलं. "तुह्या बाबाले आता कोणाच्या मरणाची खबर द्याची नाही. पिक्चरमधल्याबी नाही. समजलं?" मला समजलं. तेव्हापासून मी त्या कटात सामील झाले. खोटं बोलणाऱ्यापेक्षा शेजारी उभं राहून गप्प राहणाऱ्याला जास्त घाम येतो, हे मला त्या उन्हाळ्यात कळलं.

मार्च गेला, एप्रिल आला. आमच्या अंगणात रविवारच्या सिनेमात कुणी मरेनासं झालं. गोळी लागली तर खांद्याला लागे. आजार झाला तर औषध मिळे. आणि आई नुसतं 'वाचला' म्हणून सोडत नसे. कुणी रक्त दिलं, डॉक्टर कुठून आला, बरं झाल्यावर त्याला खायला काय दिलं, हेही सांगायची. बहुतेकांना ती मुगाची खिचडी द्यायची. बाबा ते सगळं घेऊन दुपारी दोनला जात आणि चहाच्या वेळी कंट्रोल रूममध्ये सांगत. त्यांच्या शेजारी पॅनलवर मेश्रामकाका बसायचे, वयानं मोठे, कमी बोलणारे. मेश्रामकाकू आईला नळावर म्हणाल्या, "तुमचा पिक्चर आमच्या घरी बुधवारपर्यंत चालते वं." सगळ्या शिफ्टला तसंच झालं होतं. त्यांच्यातल्या कुणालाच रविवारी संध्याकाळी घरी राहता येत नव्हतं, म्हणून ते सगळे आईचा सिनेमा पाहत होते.

मग तो दोन भावांचा सिनेमा आला. नाव नाही सांगत, तसे तेव्हा वर्षाला दहा यायचे. थोरला सरळमार्गी, धाकटा लाडका, धाकट्याला खलनायक पकडून नेतो. तो सिनेमा सुरू झाल्यापासूनच आईचं लक्ष पोळपाटावर नव्हतं. तेव्हा सिनेमा मध्येच थांबवून बातम्या देत, त्या लागल्या तेव्हाही ती उठली नाही. शेवटी थोरला दार फोडून आत शिरतो, अगदी वेळेवर, आणि तरीही गोळी धाकट्याला लागते. तो भावाच्या मांडीवर मरतो. मी आईकडे पाहिलं. तिनं टीव्ही बंद केला आणि पदरानं त्याची काच पुसली.

सोमवारी सकाळी बाबा खसची ताटी तारेनं बांधत होते आणि मी पकड घेऊन उभी होते. आईनं सगळा सिनेमा जसाच्या तसा सांगितला. मग म्हणाली, "थोरल्याले पोचाले उशीर झाला."

बाबांचे हात चालू होते.

"तो पोचला तवा धाकट्याले दवाखान्यात नेलं होतं. ऑपरेशन झालं होतं. थोरला त्याच्या उशाशी बसला अन् रडाले लागला, का मले उशीर झाला. तं धाकटा म्हणाला, 'झाला तं झाला दादा. तू निघाला होता ना. मले माहीत होतं तू निघाला असशील.'"

बाबांचे हात थांबले. "असं म्हणाला तो?"

"असंच म्हणाला."

"पुन्हा सांग."

आईनं पुन्हा सांगितलं, तेच शब्द, कमी नाही जास्त नाही. बाबांनी ऐकलं आणि उरलेली तार आवळून घेतली. माझ्या हातातली पकड घामानं ओली झाली होती. त्या सिनेमात असं एकही वाक्य नव्हतं. त्या आठवड्यात बाबा सकाळी उशिरापर्यंत झोपून राहू लागले, आणि आई मला अंगणात हळू बोलायला सांगायची. माघापासून त्यांना झोप नव्हती, हे मला तेव्हा कळलं.

ते वाक्य साहजिकच कंट्रोल रूममध्ये गेलं. तिथंही ते सगळ्यांना आवडलं. मे महिन्यात चौरागडे नावाचा एक नवा ऑपरेटर सुटीवरून परत आला. गड्यानं तो सिनेमा शहरात टॉकीजमध्ये दोनदा पाहिलेला. चहाच्या वेळी तो म्हणाला, "कायचं वाचते भाऊ, तो तं मरते शेवटी." बाबा म्हणाले, वाचतो. तो म्हणाला, मरते. बाबा रागावणारे नव्हते, पण त्या दिवशी रागावले. "माह्या घरून चार्ज चुकीचा येत नाही," ते म्हणाले. मग चौरागडेच म्हणाला की व्हिडिओ आणू, सगळे मिळून पाहू, सोक्षमोक्ष लावू. सेकंड शिफ्टवाल्यांची सकाळ मोकळीच असते. बाबांनी जागा दिली: आमचं घर.

घरी येऊन त्यांनी हे मोठ्या उत्साहानं सांगितलं. आई कुरडयांचा सोऱ्या दाबत होती. ती म्हणाली, "इतक्या उन्हाचा कायले व्हिडिओ?" बाबा म्हणाले, "त्या चौरागडेले दाखवाचं हाय. तू टेन्शन नको घेऊ, चहापाण्याचं मेश्रामबाई पाहतीन." आईच्या हातातली कुरडई वेडीवाकडी पडली.

बाबा कामावर गेल्यावर मी तिला म्हटलं, सांगून टाक ना त्यांना. ती बाजेवर बसली. "मी खोटं बोलली," ती म्हणाली. "बोलली. पण त्याईले झोप लागली ना. आता चार लोकांत बसून त्याईच्या डोळ्यासमोर भाऊ मरन. अन् मी खोटी ठरीन ते अलगच." एवढं बोलून ती उठली, कारण राख यायला लागली होती आणि कुरडया उघड्या होत्या. तिला स्वतःची भीती कमी आणि त्यांची जास्त होती, हे मी शपथेवर सांगेन.

ठरलेल्या दिवशी सकाळी चौरागडे ऑटोत रंगीत टीव्ही आणि व्हिडिओ घेऊन आला. सहा-सात माणसं सतरंजीवर बसली. बाबा पुढे, लोखंडी खुर्चीवर; सतरंजीवर ते बसले नाहीत. दारं-खिडक्या लावल्या, पडदे सोडले. नऊ वाजताच अंगाची काहिली होत होती. कूलर होता, पण बाबांनी स्वतः बसवलेल्या त्या कूलरचा आवाज असा की मागच्या ब्लॉकमधल्यांना वाटे आमच्याकडे गिरणी आहे. तो चालू असताना माणसांचं बोलणं ऐकू येत नसे. मग नियम ठरला: गाण्याला कूलर चालू, डायलॉगला कूलर बंद. बटणापाशी मला बसवलं.

तसा सिनेमा कुणी पाहिला नसेल. संवाद सुरू झाले की सगळे घामाघूम होत, नायक-नायिका भांडू लागले की कुणीतरी म्हणे, "एखादं गाणं येऊ द्या गा." बागेत झाड दिसलं तरी सगळे माझ्याकडे बघत. गाणं लागलं की मी बटण दाबी, सगळे माना पुढे करून वारा घेत आणि गाणं मात्र कुणालाच ऐकू येत नसे. सिनेमात सात गाणी होती म्हणून माणसं वाचली. आई आणि मेश्रामकाकू स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. काकू हसत होत्या आणि आईच्या हातात पन्ह्याचं पातेलं होतं, ते तिनं एकदाही खाली ठेवलं नाही.

खलनायकाचा अड्डा आला. बाबा म्हणाले, "फ्रिक्वेन्सी मीटरच नाही." सगळे हसले, कारण ते सगळेच पॅनलवाले होते. मग थोरल्यानं दार फोडलं. तो आत आला. गोळी सुटली. धाकटा पडला, आणि थोरल्यानं त्याचं डोकं मांडीवर घेतलं.

गाणं नव्हतं. पण मी बटण दाबलं. कूलर धडधडू लागला. पडद्यावर धाकट्याचे ओठ हलत होते आणि काही ऐकू येत नव्हतं. मला वाटलं, ऐकू आलं नाही तर कदाचित तो काहीही म्हणाला असू शकेल. "कूलर बंद कर वं," बाबा मागे न बघता म्हणाले. मी केला नाही. ते पुन्हा म्हणाले. माझा हात उचलेना. तेव्हा आई स्वयंपाकघराच्या दारातून आली, पातेलं कोनाड्यात ठेवलं आणि तिनं स्वतःच्या हातानं कूलर बंद केला. मग ती तिथंच, माझ्या मागे, भिंतीला टेकून उभी राहिली.

धाकटा दादा, दादा म्हणाला आणि गेला. थोरला रडला. 'समाप्त'ची पाटी आली.

चौरागडे जिंकला होता, पण त्यानं बाबांच्या तोंडाकडे पाहिलं आणि मान खाली घातली. काकाचं त्याला कुणी तरी सांगितलं असावं. मग मेश्रामकाकांनी घसा साफ केला. "टीव्हीवाला अलग होता," ते म्हणाले. "मी पाह्यला ना. वाचला होता तो." त्या रविवारी मेश्रामकाका बाबांच्या शेजारी पॅनलवर बसले होते, हे त्या खोलीतल्या प्रत्येकाला माहीत होतं. तरी दुसरा एक जण म्हणाला, "हो ना, वाचला होता." आणि मग चौरागडे म्हणाला, "असन. टीव्हीवाले काटतेच, बाप्पा. टॉकीजमध्ये अलग, टीव्हीवर अलग." सात माणसांनी मिळून, एकमेकांकडे न बघता, माझ्या आईचा चार्ज खरा ठरवला.

बाबा पडद्याकडेच बघत होते. पडद्यावर आता नुसत्या रेघा होत्या. "टायमावर पोचला होता तो," ते म्हणाले. "टायमावर पोचला. तरी गेला."

मी आईकडे वळून पाहिलं. तिचा पदर तोंडावर होता. तीन महिने ती त्यांना मरणापासून लपवत होती, आणि तिनं लपवलेल्या त्या शेवटातच त्यांना हवं ते होतं. तिचं वाक्य खोटं होतं म्हणून वाया गेलं असं मला कधीच वाटलं नाही. त्या वाक्यावर ते महिनाभर झोपले, आणि झोपले म्हणूनच ते समोर बसून हे पाहू शकले. पण हे मला आता सुचतं. त्या वेळी मी फक्त बटणावर बोट ठेवून बसले होते.

काहीतरी बोलायचं म्हणून चौरागडे म्हणाला, "दरवाजा जबरदस्त तोडला पण."

बाबांनी खांद्यावरच्या पंच्यानं तोंड पुसलं. "प्लायवूड होता," ते म्हणाले. "सागवान असतं तर खांदा गेला असता." माघापासून काकाचं बोलणं आमच्या घरात कुणी उच्चारलं नव्हतं. "सुधाकर म्हणे," ते म्हणाले आणि खुर्चीवरून उतरून सतरंजीवर, इतरांत बसले. आईनं पन्हं दिलं. कूलर मीच लावला, आणि या वेळी कुणी बंद कर म्हणालं नाही.

मृग लागला तेव्हा बाबांनी कायमची सेकंड शिफ्ट सोडली. घरी असण्याच्या पहिल्या रविवारी संध्याकाळी ते सिनेमाला बसले. फुटाणे मी आणले होते. बातम्यांपर्यंत त्यांनी सिनेमा पाहिला, आईशी पोळपाटावरून वाद घातला, आणि बातम्या लागल्या तसे उठून अंगणात बाजेवर जाऊन बसले. पुढचं त्यांनी पाहिलं नाही. सोमवारी सकाळी आई तांदूळ निवडायला बसली, तर ते समोर येऊन म्हणाले, "चला, अर्धा चार्ज राह्यला."

आईनं सूप खाली ठेवलं. व्हिडिओच्या दिवसानंतर त्या दोघांत यावर काही बोलणं झालं असेल तर मला ठाऊक नाही. "खरा देऊ?" तिनं विचारलं.

"नाही वं," बाबा म्हणाले. "तुझावाला दे."

तेव्हापासून बाबा जाईपर्यंत, म्हणजे पुढे कितीतरी वर्षं, आमच्याकडे प्रत्येक सिनेमाला दोन शेवट होते. बाबा कधी एक पाहत, कधी दुसरा ऐकत. चार्ज खरा द्यावा हे ते मला पुढेही सांगत राहिले, आणि मला त्यात काही विसंगती दिसली नाही. पंपाची गोष्ट वेगळी असते.

आज दुपारी आई झोपून उठली. मी तिच्या उशाशी बसले होते. कूलर चालू होता, आताचे कूलर फार आवाज करत नाहीत, तरी तिनं हात हलवून बंद करायची खूण केली. मी बंद केला. खोलीत एकदम गरम शांतता झाली.

"सांग," ती म्हणाली. "पोचली का मोठी?"

"पोचली."

"टायमावर?"

मी सगळा दिवस काय सांगायचं ते ठरवत होते आणि काहीच ठरलं नव्हतं. "नाही," मी म्हटलं. "उशीर झाला तिला."

आईनं डोळे माझ्याकडे वळवले. दिसतं तिला, फक्त काय आहे ते समजत नाही. "अन् धाकटी?"

"वाचली."

"उशीर झाला तरी?"

"उशीर झाला तरी. म्हणाली, तू निघाली होती ना."

आईनं माझा हात चाचपला आणि धरून ठेवला. तिच्या कपाळावर घाम आला होता. "मुगाची खिचडी दिली का तिले?"

"दिली."

"मंग चांगला हाय पिक्चर," ती म्हणाली. "लाव आता कूलर."